डिस्टोपिया व विचारनियंत्रण
डिस्टोपिया : सर्वंकष सत्तेखाली दडपल्या गेलेल्या, भयावह अशा कल्पित समाजाचे चित्रण करणारा कथासाहित्याचा प्रकार. सर टॉमस मोर (१४७८–१५३५) याने यूटोपिया (१५१६) ह्या ग्रंथात एका कल्पित आदर्श राज्याचे वर्णन केले. डिस्टोपिया हा त्याचा व्यत्यास होय. रशियन राज्यक्रांती, दोन महायुद्धे, तसेच फॅसिस्ट, नाझी व स्टालिनवादी राजवटींनी वृत्तपत्रे, नभोवाणी आणि चित्रपट यांचा केलेला वापर ह्यांमुळे विसाव्या शतकात हा प्रकार विशेष विकसित झाला. शासकीय प्रचार व विचारनियंत्रण हा त्याचा एक प्रमुख विषय आहे. असत्य गळी उतरविणे एवढ्यावरच असा प्रचार थांबत नाही. सत्यासत्याची पारख करण्याची साधनेच तो माणसाकडून हिरावून घेतो, असे ह्या कादंबऱ्यांतून दिसते.

येव्ग्येनी झाम्यातिन (१८८४–१९३७) ह्या रशियन लेखकाच्या वुई (इं. भा. १९२४) ह्या कादंबरीतील नागरिकांना नावे नसून क्रमांक असतात. ते काचेच्या घरांत राहतात आणि सर्वांचा दिनक्रम एकाच वेळापत्रकाने ठरतो. अखेरीस शस्त्रक्रियेने त्यांची कल्पनाशक्तीच नष्ट करण्यात येते. ही कादंबरी सोव्हिएट रशियात १९८८ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकली नाही. ऑल्डस हक्सली (१८९४–१९६३) याच्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (१९३२) मध्ये दडपशाहीची जागा सुखाने घेतलेली आहे. मुलांच्या मनावर झोपेत तीच ती वाक्ये बिंबविली जातात आणि प्रौढांची अस्वस्थता ‘सोमा’ नावाच्या औषधाने शमविली जाते. परिणामतः पारतंत्र्याची जाणीवच उरत नाही.

ह्या विषयाचे सर्वांत सखोल विवेचन जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) याच्या नाइन्टीन एटी-फोर (१९४९) ह्या कादंबरीत आढळते. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेला ऑर्वेल १९४१–४३ ह्या युद्धकाळात बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत भारतासाठी कार्यक्रम तयार करीत असे. त्यामुळे प्रचारयंत्रणेचे कार्य त्याने जवळून पाहिले होते. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयात जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सत्ताधारी पक्षाच्या सोयीनुसार बदलण्याचे काम करतो. मूळ कागद जाळले जातात. त्यामुळे आजचे विधान कालच्या विधानाशी ताडून पाहणे अशक्य होते. ‘न्यूस्पीक’ ह्या शासननिर्मित भाषेतून शब्द सतत वगळले जातात. शब्दच नसले, तर विरोधी विचार मनात आकार घेऊ शकणार नाही, हा त्यामागील हेतू. परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची सवयही नागरिकांना लावली जाते.

ऑर्वेलची कल्पना वास्तवापासून फार दूर नव्हती. लव्ह्रेंती बेरिया हा सोव्हिएट नेता १९५३ मध्ये सत्ताभ्रष्ट झाल्यावर बृहत् सोव्हिएट विश्वकोशाच्या वर्गणीदारांना त्याच्यावरील नोंदीची पाने काढून टाकण्यास सांगण्यात आले आणि त्या जागी लावण्यासाठी बेरिंग समुद्र इ. विषयांवरील नवी पाने पाठविण्यात आली. तथापि परदेशांत गेलेल्या प्रतींवर शासनाची सत्ता चालणे शक्य नव्हते. ज्ञानाच्या प्रती अनेक व स्वतंत्र हाती असणे हे विचारनियंत्रणाला किती अडचणीचे असते, हे यावरून ध्यानी येते.

रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) ह्या अमेरिकन लेखकाच्या फॅरनहाइट ४५१ (१९५३) मध्ये ग्रंथ जाळणे हे अग्निशामक दलाचे काम आहे; मात्र त्यापूर्वीच लोकांनी वाचन स्वखुशीने सोडलेले असते. काही माणसे संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत करून ते जतन करतात.

ह्या कादंबऱ्यांकडे केवळ भविष्यकथन म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. काही समीक्षकांना ऑर्वेलचे भयचित्र, तर काहींना हक्सलीचे सुखचित्र अधिक समर्पक वाटते. परंतु स्मृती, भाषा आणि स्वतंत्र पुरावा ह्यांपैकी एकाचाही ऱ्हास झाला, तर अन्य स्वातंत्र्ये नाममात्र उरतात, हा त्यांतील इशारा कोणत्याही शासनपद्धतीस लागू पडतो.