कोंडलेल्या पाण्याचे सामर्थ्य

माँट्रियलला मुलाकडे राहून आलेल्या एका वाचक भगिनींनी पृच्छा केली आहे की, शहराच्या उत्तरेस लॉरेन्शियन डोंगरांत चिरंजिवांचे जे लाकडी सुटीघर आहे, ते हिवाळ्यासाठी बंद करताना नळांतील पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकल्यावर मोरीत आणि संडासाच्या भांड्यात पुन्हा एक गुलाबी द्रव ओतण्याचे प्रयोजन काय? प्रश्न मार्मिक आहे. मात्र उत्तरासाठी आधी क्वेबेकच्या तोफखान्यात जावे लागेल.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या फुगण्यातील बळाची ज्याने मोठ्या हौसेने परीक्षा घेतली, त्या मेजर एडवर्ड विल्यम्सचे नाव पाठ्यपुस्तकांच्या दप्तरी क्वचितच दाखल झालेले दिसते. 1784-85 च्या सुमारास ब्रिटिश तोफखान्यातील या अधिकाऱ्याने लोखंडाचे पोकळ गोळे पाण्याने भरले, त्यांच्या तोंडांत लोखंडी बुचे ठोकून बसविली आणि ते क्वेबेकच्या थंडीच्या हवाली केले. दारूचा कणही नसताना एक बूच 400 फुटांपलीकडे जाऊन पडले. आणि जेथे बूच हटले नाही, तेथे गोळाच तडकून भेगेतून बर्फाची पाती बाहेर आली! चार्ल्स हटन या गणितज्ञाने हा वृत्तान्त एडिंबरोच्या रॉयल सोसायटीला कळविला नसता, तर तो कदाचित लष्करी कागदांतच गडप झाला असता.

या प्रयोगाचे मर्म बर्फाच्या बळापेक्षा बुचाच्या वर्तनात आहे. वाट मिळाली तर पात्र वाचते, न मिळाली तर फुटते. नळ बर्फाच्या बाजूंवरील रेट्याने फुटतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इलिनॉय विद्यापीठातील 1996 च्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. नळीत एके ठिकाणी बर्फाचा दट्ट्या जमतो आणि वाढत वाढत तो पुढील पाणी बंद तोटीकडे रेटतो. तोंड बोटाने दाबून धरलेल्या पिचकारीसारखी त्या पाण्याची अवस्था होते, आणि जेथे बर्फाचा मागमूसही नाही अशा ठिकाणी नळी फाटते. म्हणूनच जाणता गृहस्थ मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो, गीझर रिता करतो, कॉम्प्रेसरच्या हवेने नळ्या फुंकून काढतो, आणि शेवटी सर्व तोट्या उघड्या ठेवतो, जेणेकरून चुकून उरलेल्या पाण्यालाही वाट राहावी.

अपवाद मोरीखालच्या वाकड्या नळीचा आणि संडासाच्या भांड्याचा. तेथे साठलेले पाणीच मैल्याच्या टाकीतील दुर्गंधी वायूंना घरात येण्यापासून अडविते. ते काढावे तर घर दुर्गंधीने भरणार, ठेवावे तर चिनी मातीचे भांडे तडकणार. या पेचातून सुटण्याची तजवीज म्हणजे तो गुलाबी द्रव, अर्थात प्रॉपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण: ते कडक थंडीतही सहसा गोठत नाही, आणि गोठलेच तर घट्ट न होता लगद्यासारखे मऊ राहते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल मात्र विषारी असल्याने येथे सर्वथा वर्ज्य.

हल्ली या सर्व खटाटोपाला फाटा देऊन, मंद उष्णता सुरू ठेवावी आणि दूरच्या शहरातून मोबाइलवर तिच्यावर नजर ठेवावी, असा सल्ला यंत्रविक्रेते मोठ्या उत्साहाने देतात. 1998 च्या जानेवारीत गोठत्या पावसाच्या भाराने याच क्वेबेक प्रांतातील वीजवाहिन्या आणि मनोरे कोसळून लाखो घरे कित्येक दिवस अंधारात आणि थंडीत राहिली होती, याचे स्मरण त्या जाहिरातींत नसते. वीज गेल्यावर मोबाइलवर फार तर संकटाची वर्दी मिळेल. नळ त्याने वाचणार नाही. तेव्हा भगिनींनी चिरंजिवांना निःशंकपणे कळवावे की यंत्र हवे तर बसवावे, परंतु नळ रिते करून तोट्या उघड्या ठेवल्यावाचून घराला कुलूप लावू नये.