मालट्रकच्या इंजेक्टराचें माप

देशावरून मुंबईस शेतमाल आणणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांस सानपाडा हें ठिकाण परिचित आहे. मुंबईंतील फळांचा व भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ सालीं त्याच्या शेजारीं तुर्भे-वाशी भागांत आला, आणि भाजीचे ट्रक तेव्हांपासून रात्रीं याच बाजूस येऊं लागले. ज्यांचे ट्रक स्वतःचे आहेत अशा कांहीं बंधूंचा समज असा असतो कीं, इंजेक्टरास मोठ्या भोकांचें नोझल बसविलें म्हणजे घाटांत गाडीची ओढ वाढते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्धें खरें तेंच अधिक खर्चाचें ठरतें. म्हणून या विषयाचा येथें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

इंजेक्टराचें काम डिझेल नुसतें आंत सोडण्याचें नसून त्याचे अत्यंत बारीक तुषार करण्याचें आहे. द्राक्षबागेवर औषध फवारणारास ही गोष्ट सांगावयास नको. बारीक भोकांतून जोरानें निघालेला फवारा पानभर बसतो. भोक झिजून मोठें झालें कीं थेंब ओघळतात व औषध मातींत जातें. सिलिंडरांतही मोठा थेंब वेळेंत जळत नाहीं. त्याचा कांहीं भाग काळा धूर होऊन जातो, तर कांहीं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलांत मिसळतो.

भोकाचा व्यास ०.२५ मिलिमीटरचा ०.३० केला, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनीं वाढतें. याचा परिणाम इंजिनाच्या जातीवर अवलंबून असतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकांत प्रत्येक वेळीं किती डिझेल जावें हें पंप ठरवितो, नोझल नव्हे. तेथें मोठ्या नोझलानें डिझेल जवळजवळ तेवढेंच जातें. फक्त दाब उतरतो व फवारा जाड होतो. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल सदैव मोठ्या दाबाखालीं असतें, व इंजेक्टर जितका वेळ उघडा राहील त्या मानानें तें आंत जातें. तेथें भोक मोठें झालें कीं तितक्याच वेळांत डिझेल अधिक जातें.

परंतु तें जाळण्यास हवा कोठून आणावी? एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें १४.५ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरास सुमारें १० घनमीटर. धूर होऊं नये म्हणून प्रत्यक्षांत याहून बरीच अधिक द्यावी लागते. उन्हाळ्यांत हवा विरळ असते, आणि सुमारें ६०० मीटर उंचीच्या खंडाळ्यास ती आणखी विरळ होते. टर्बो ही उणीव कांहीं अंशीं भरून काढतो, पण त्यालाही मर्यादा आहे. हवेवांचून दिलेल्या डिझेलानें उष्णता वाढून पिस्टन, व्हॉल्व्ह व टर्बो यांचें आयुष्य घटतें.

शिवाय आमचा भरलेला ट्रक कसारा, माळशेज अथवा बोर घाट उतरून सानपाड्याकडे येतो. या घाटांचा चढ त्याला परतीस लागतो, व तेव्हां भार बहुधा हलका असतो. अशा फेरीस नोझलापेक्षां ब्रेकवर केलेला खर्च अधिक शहाणपणाचा होय.

तेव्हां कारखान्यानें त्या इंजिनास ठरविलेलें माप तेंच योग्य माप. नोझलावर कोरलेला क्रमांक कारखान्याच्या पुस्तकाशीं ताडून पाहावा. सर्व सिलिंडरांस एकाच क्रमांकाचीं नोझलें असावींत. यांत्रिक इंजेक्टर नोझल टेस्टरवर लावून तो ठरलेल्या दाबावर उघडतो कीं नाहीं व टोकाशीं थेंब गळतो काय, हें डोळ्यांदेखत पाहून घ्यावें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत इंजेक्टरावर सामान्यतः सांकेतिक क्रमांक असतो. इंजेक्टर बदलल्यास तो गाडीच्या संगणकांत भरून घ्यावा.

मोठ्या नोझलास जागा आहे ती पंप, टर्बो व हवेची सोय हीं सर्व एकत्र बदलून बांधलेल्या इंजिनांत. परंतु नोंदलेल्या गाडींत असे फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ चीं बंधनें आहेत.

ओढ कमी वाटल्यास प्रथम हवेचा फिल्टर पाहावा, मग डिझेलचा फिल्टर, मग टर्बोच्या नळ्या, व शेवटीं इंजेक्टर तपासावे. या क्रमानें गेल्यास पुष्कळदां दोष स्वस्तांत सांपडतो, आणि मालाचे आलेले पैसे इंजिनांत घालण्याची पाळी येत नाहीं.