बारा व्होल्टची वाट

कीबोर्ड अचानक बंद पडला की पहिला निकाल ठरलेला असतो: ‘बोर्ड गेला.’ तबला, बासरी, व्हायोलिनचे आवाज ज्या चिपमध्ये साठवलेले आहेत ती जळाली, असं धरून वादक नव्या वाद्याच्या किमती विचारू लागतो. मला हे पाहून खरोखर हळहळ वाटते. दोष त्या चिपपर्यंत क्वचितच पोचलेला असतो. वीज जिथून आत शिरते, बहुधा तिथल्या दोन-चार इंचांतच तो सापडतो.

कॅसिओने १९८०मध्ये कॅसिओटोन २०१ बाजारात आणला. गणकयंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जपानी कंपनीचं ते पहिलं वाद्य. पुढे कॅसिओ आणि यामाहा या दोघांनीही भारतासाठी तबला-तानपुऱ्याचे आवाज घातलेली मॉडेलं काढली. आज भजनी मंडळापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत कीबोर्ड सगळीकडे आहे, आणि यातले बहुतेक साधे कीबोर्ड अ‍ॅडॉप्टरवर किंवा सेलवर चालतात.

म्हणून पहिली तपासणी स्क्रू-ड्रायव्हरशिवाय होते. अ‍ॅडॉप्टरची पिन काढायची आणि नवे सेल घालायचे. कीबोर्ड सुरू झाला तर आतलं सगळं शाबूत आहे. बिघाड अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा सॉकेटमध्ये. पण सेलवरही सुरू झाला नाही म्हणून लगेच निराश व्हायचं कारण नाही. सॉकेटमध्ये एक स्प्रिंगची पत्ती असते. पिन आत गेली की ती सेलची वाट तोडते, पिन बाहेर आली की पुन्हा जोडते. ही पत्ती वाकली किंवा गंजली तर नवे सेलही निरुपयोगी ठरतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो, तर गणपतीत वाजवलेल्या कीबोर्डच्या सॉकेटमध्ये गुलालही सापडू शकतो.

अ‍ॅडॉप्टर मल्टिमीटरवर तपासताना एक गोष्ट फसवते. कपॅसिटर सुकलेला अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना नेमके बारा व्होल्ट दाखवतो आणि कीबोर्ड जोडताच कोसळतो. तेव्हा व्होल्टेज मोजायचं ते भार जोडूनच. वायर पिनच्या तोंडाशी तुटलेली असेल तर ती हलवताना कीबोर्डचा दिवा लुकलुकतो.

सगळ्यात वाईट घात होतो तो उलट्या पिनेने. यामाहाच्या बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरचं मधलं टोक धन असतं. कॅसिओच्या अनेक जुन्या मॉडेलांचा अ‍ॅडॉप्टर नऊ व्होल्टचा, आणि त्याचं मधलं टोक ऋण. गिटारच्या इफेक्ट पेडलचाही बहुधा तसाच. पिना दिसायला सारख्या, रंगमंचामागे उजेड कमी, आणि एकाच पिशवीत तिघांचे अ‍ॅडॉप्टर. चुकीची पिन गेली की बहुतेक वेळा आतला संरक्षक डायोड किंवा फ्यूज स्वतः बळी जातो आणि पुढची चिप वाचवतो. तो बदलायला काही रुपये लागतात. मात्र फ्यूज का गेला हे न पाहता त्याजागी तार जोडणाऱ्याच्या हाती वाद्य देऊ नये. मेलेला डायोड तसाच राहिला तर जळण्याची पाळी पुढच्या भागांवर येते.

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच मागचं झाकण उघडायचं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवावं, कारण लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर प्लास्टिक फुटतं. आत सॉकेटची सोल्डर जोडणी भिंगाखाली पाहिली की टोकाभोवती केसासारखी गोल भेग दिसते. वायरीला बसलेल्या असंख्य हिसक्यांची ती खूण. जुनं सोल्डर काढून नवं भरलं की कितीतरी ‘मेलेले’ कीबोर्ड उठतात. पुढे व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर येतो. तिथे बारा व्होल्ट शिरत असतील आणि पाच निघत नसतील तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या पुढच्या शॉर्टमध्ये. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत मिळतात.

ज्या मोठ्या वर्कस्टेशन कीबोर्डला भिंतीवरची वीज थेट लागते, त्याला मात्र घरी हात लावू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून जास्त दाब उरलेला असू शकतो.

आणि दुरुस्तीनंतर डिस्प्ले उजळला म्हणून लगेच झाकण लावायचं नाही. रिदम सुरू करून, आवाज पूर्ण वाढवून, वायर हलवत अर्धा तास तरी वाजवून पाहायचं. मोठ्या आवाजाला वीज सर्वांत जास्त लागते. कच्ची राहिलेली जोडणी दगा देते ती तेव्हाच.