पुठ्ठ्याचा स्तूप, भुशाची हिरवळ

जुईनगर स्थानकाजवळच्या आपल्या शिरवण्याहून नागपूरला जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन-तीन दिवसांची रोजी बुडाली. मुले मात्र विचारतात, दीक्षाभूमी केवढी असते? तोंडाने सांगून ते कळत नाही. तिची प्रतिकृती करावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा घेतली व दिली, तेथील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. घुमटाचा व्यास १२० फूट. दहा फुटांना एक इंच धरला की आपला घुमट बरोबर एक फुटाचा होतो.

थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. मोठा फुगा पातेल्यावर बसवा. सुतळीने घेर मोजा, पावणेअडतीस इंच भरला पाहिजे. वरच्या अर्ध्या भागावर मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. आमच्या घरी पहिल्या वर्षी घाई झाली. भर पावसाळी हवेत एका रात्रीत चार थर दिले, सकाळी फुगा आकसलेला आणि घुमटाला परातीसारखा खळगा! धाकटी रडायलाच लागली. तेव्हापासून आम्ही महिनाभर आधी बसतो. चार-पाच थर झाल्यावर फुगा फोडावा, पांढरा रंग द्यावा. खऱ्या घुमटावर उन्हापासून बचावासाठी छोटा स्लॅब आणि त्यावर छत्र आहे, तेही पुठ्ठ्याचे करा.

बागेत सगळे चुकतात ते मापात. पिंपळाचे खरे पान ठेवले तर ते चाळीस फुटांचे होते! मोहरीचा दाणासुद्धा येथे कलिंगडाएवढा. सुताराकडचा भुसा पिठाच्या चाळणीने दोनदा चाळा, हिरव्या रंगात कालवून सावलीत वाळवा, खळ लावलेल्या पुठ्ठ्यावर भुरभुरवा. थोड्या भुशात पिवळा मिसळा. एकसारखी हिरवळ खोटी वाटते. झाडांना वाळक्या काटक्या आणि भांडी घासायच्या जुन्या स्पंजचे कुसकरलेले तुकडे पुरतात. तीन इंची झाड म्हणजे तीस फुटी. आवारातला बोधिवृक्ष विसरू नका. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांचा तो आहे.

शेवटी काडेपेटीच्या काडीचा अर्ध्या इंचाचा तुकडा मुलांच्या हाती द्या आणि दारापाशी उभा करायला सांगा. एवढा आपला एक माणूस.