वीज काढून घेतलेलं पाणी निकस होतं का?

धरणाच्या पाण्यातून वीज काढून घेतली की त्याचा कस जातो, मग ते पिकाला लागत नाही, असं ठामपणे सांगणारी माणसं अजूनही भेटतात. ऐकून हसू येतं, पण हसणाऱ्यांची समजूत फार वेगळी असते असं नाही. बॅटरीत वीज भरलेली असते, सिलिंडरमध्ये ऊर्जा कोंडलेली असते, पंखा वीज खातो आणि ती संपते, असं आपणच म्हणतो. दोन्हीकडे कल्पना एकच: ऊर्जा हा कुठलासा पदार्थ आहे, तो वस्तूत मुरलेला असतो आणि पिळून काढता येतो. शाळेत गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत, अणू अशी यादी पाठ करून घेतात, तेव्हा ही समजूत मोडत नाही. एका पदार्थाचे आठ पदार्थ होतात, इतकंच.

पाण्यापासूनच सुरुवात करू आणि उदाहरण कोयनेचं घेऊ.

कोयना नदी मुळात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. विजेसाठी तिचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यांवाटे पश्चिमेकडे वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्याखाली पोफळीला उतरवलं. हा उतार जवळजवळ पावणेपाचशे मीटरचा आहे. हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी एवढं खाली आलं, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे 46 लाख 50 हजार ज्यूल होतो. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. तेव्हा कागदावर एका युनिटसाठी पावणेआठशे लिटर पाणी पुरतं. बोगद्यातलं घर्षण, टर्बाइन आणि जनित्रातली घट धरली तर साडेआठशेच्या पुढे लागतं.

या सगळ्यात पाण्याने गमावलं काय? फक्त उंची. क्षार तेच, रेणू तेच. उलट हेच पाणी कड्यावरून नुसतं कोसळू दिलं असतं, तर खाली आपटल्यावर ते साधारण 1.1 अंश सेल्सियसने तापलं असतं. टर्बाइनमधून आलेलं पाणी तेवढं तापत नाही, कारण ती ऊर्जा तारांमधून मुंबई-पुण्याकडे निघून गेलेली असते. म्हणजे पाण्यातून काही 'काढलं' असलंच, तर जेमतेम एक अंशाची ऊब, आणि तीही त्यात येण्याआधीच. जेम्स ज्यूलने 1845 मध्ये नायगाराबद्दल असाच हिशेब मांडला होता. तिथला धबधबा सुमारे 50 मीटरचा, म्हणून तापमानातला फरक एका अंशाच्या आठव्या भागाइतकाच. पोफळीला उतरलेलं पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात आणि तिथून वाशिष्ठीला जातं. पिकाला ते चालतंच.

'स्थितिज ऊर्जा पाण्यात साठलेली असते.'

साठलेली असती, तर एका लिटरमागे ती ठरावीक निघायला हवी. त्याच जलाशयातलं तेच पाणी पूर्वेला धरणाच्या पायथ्याशी सोडलं तर ते शंभर मीटरदेखील पडत नाही. तिथेही एक छोटं वीजगृह आहे, पण लिटरमागे मिळणारी वीज पोफळीच्या पाचव्या भागाहूनही कमी. पाणी बदललं नाही, उतार बदलला. स्थितिज ऊर्जा पाणी आणि पृथ्वी या जोडीची असते, एकट्या पाण्याची नाही. शून्य कुठे धरायचं, कड्याच्या तळाशी की पार समुद्रसपाटीला, हेही आपणच ठरवतो. कामाला येतो तो दोन पातळ्यांमधला फरक. आणि पाणी एवढं वर नेलं कोणी? सूर्याने. समुद्राची वाफ त्याने उचलली, मोसमी वाऱ्यांनी सह्याद्रीवर आणून टाकली. कोयनेची वीज ही एका अर्थाने सौरऊर्जाच आहे.

'वेग दुप्पट झाला की ऊर्जाही दुप्पट होते.'

हा गैरसमज माणसं मारतो, म्हणून इथे जरा थांबू.

सतराव्या शतकात मोठमोठ्या लोकांचाही यावर वाद होता. हलत्या वस्तूचा 'जोर' वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने मोजावा, असं देकार्तचे अनुयायी म्हणत. लाइबनित्सने 1686 मध्ये सांगितलं की वेगाचा वर्ग घ्यायला हवा. लायडनच्या ग्रॅव्हेसांदने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याने मातीत केलेला खड्डा दुप्पट नव्हे, चौपट निघाला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने 1740 साली प्रसिद्ध केलेल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात या बाजूने जोरदार मांडणी केली. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चं फ्रेंच भाषांतर करणारी हीच बाई. आपल्या पाठ्यपुस्तकांत गतिज ऊर्जेचं सूत्र येतं, तिचं नाव येत नाही. ते यायला हवं.

आता हेच सूत्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणू. ताशी 50 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ती गाडी सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तीन मजल्यांच्या उंचीवरून पडल्यावर जेवढी होईल तेवढी असते. ताशी 100 ला? सहा मजले नाहीत. साधारण 39 मीटर, म्हणजे तेरा मजले. आणि 120 ला 57 मीटर, एकोणीस मजले. शंभरावरून एकशेवीसवर काटा नेताना वेग 20 टक्क्यांनी वाढतो, ऊर्जा 44 टक्क्यांनी. ब्रेकला ही सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत न्यावी लागते, आणि ब्रेकची पकड तीच असते. म्हणून गाडी थांबायला लागणारं अंतरही वर्गाच्याच हिशेबाने वाढतं. 'थोडंच तर जास्त मारतोय' या वाक्यात भौतिकशास्त्राची चूक आहे.

'जास्त वॅटचं उपकरण म्हणजे जास्त बिल.'

वॅट हा दर आहे, युनिट ही रक्कम. दोन हजार वॅटचा गीझर पाव तास लावला तर अर्धं युनिट पडतं. 75 वॅटचा पंखा दिवसरात्र फिरला तर 1.8 युनिट. गीझरला नावं ठेवून पंखा चालू सोडून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एक युनिट तसं किती मोठं असतं याचाही अंदाज आपल्याला नसतो. साठ किलोचा माणूस बारी गावातून कळसूबाईवर चढतो तेव्हा साधारण 900 मीटर उंची मिळवतो. त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य एका युनिटच्या सातव्या भागाइतकं भरतं. शरीर यंत्र म्हणून फार काटकसरी नसल्यामुळे प्रत्यक्षात खर्च होतो चार-पाच पट, तरीही हिशेब एका युनिटच्या आतच राहतो. त्या हिशेबाने वीज किती स्वस्त आहे, हे चढून आलेल्या माणसालाच विचारावं.

'उष्णता आणि तापमान एकच.'

फुलबाजाच्या ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या घरात असतं, ती हातावर पडली तर चुरचुरते, फार तर. साठ अंशांच्या पाण्याची बादली अंगावर सांडली तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचं वस्तुमान नगण्य, म्हणून तिच्याकडे द्यायला ऊर्जाच थोडी. तापमान सांगतं की एकेक कण सरासरी किती जोरात हलतोय. एकूण किती ऊर्जा तुमच्याकडे येईल हे त्यावरून कळत नाही.

इथून शाळेतल्या त्या आठ ऊर्जांच्या यादीकडे परत जाऊ. उष्णता हा वेगळा पदार्थ नाही, हे काउंट रम्फर्डने 1798 मध्येच दाखवलं होतं. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना धातू तापतच राहतो, कोरणं थांबेपर्यंत उष्णता आटत नाही, हे त्याने पाहिलं. पदार्थ असता तर कधीतरी संपला असता. पुढे कळलं की उष्णतेच्या मागे असतात रेणूंच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जा. ध्वनीही तोच, फक्त शिस्तीत हललेली हवा. रासायनिक ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रांमधल्या विद्युत आकर्षणाचा आणि त्यांच्या हालचालीचा हिशेब. आठ नावं व्यवहाराला सोयीची आहेत, जसं किराणा, दूध, शाळेची फी असे खर्चाचे रकाने पाडतात. पैसा एकच असतो. खोलात गेलं तर गती, परस्परक्रिया आणि वस्तुमान एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. आणि वस्तुमानाचा संबंध फक्त तारापूरसारख्या अणुवीज केंद्राशीच येतो असं नव्हे. घरगुती सिलिंडरमधला 14.2 किलो गॅस जाळला की साधारण 65 कोटी ज्यूल बाहेर पडतात, म्हणजे 180 युनिटच्या आसपास. आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे तेवढ्याने गॅस आणि ऑक्सिजन यांचं एकत्र वस्तुमान एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी सात भागांनी घटतं. कुठल्याही काट्यावर ते दिसणार नाही, पण घटतं.

सिलिंडरबद्दल आणखी एक. रासायनिक बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते, असं कित्येक शिकवण्यांमध्येही सांगतात. हे उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. म्हणून तर लायटर लागतो. ऊर्जा मिळते ती कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे नवे, जास्त घट्ट बंध जुळताना. तोडण्यात गेलेल्यापेक्षा जुळण्यात जास्त परत येते, तो फरक आपला. तेव्हा ऊर्जा सिलिंडरमध्ये कोंडलेली नसते. गॅसइतकाच वाटा स्वयंपाकघरातल्या हवेचा असतो, आणि तिचे पैसे कोणी घेत नाही.

'पंख्याने खोली थंड होते, आणि वापरलेली वीज संपते.'

दोन्ही चूक. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत 75 वॅटचा पंखा चालू ठेवला, तर खोली त्याच दराने तापते. मोटार तापते, हवा हलते, ती भिंतींवर आणि स्वतःवर घासून मंदावते, आणि शेवटी एकूण एक ज्यूल उष्णता होऊन बसतो. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता टाकतो. म्हणजे पंखा लावणं हे उकाड्यापुरतं पाऊण माणूस खोलीत आणून बसवण्यासारखं. आपल्याला गार वाटतं ते घाम लवकर सुकतो म्हणून. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून 'जरा थंड होऊ दे' म्हणण्यात अर्थ नाही. फ्रिजचं दार उघडं टाकून खोली गार करू पाहणाऱ्याची गत याहून वाईट: फ्रिज आतून काढलेली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो, वर कॉम्प्रेसरची आपली भर घालतो.

यावर चौकस विद्यार्थी हमखास विचारतो: ऊर्जा नष्ट होतच नसेल तर 'ऊर्जा वाचवा' कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात नाही. खोलीभर विखुरलेली पंख्याची उष्णता ज्यूलमध्ये मोजली तर पुरेपूर आहे, पण तिच्यावर पुन्हा पंखा चालत नाही. उष्णता आपणहून गरमकडून थंडकडे जाते, उलट नाही, आणि दोघांच्या तापमानात फरक नसेल तर तिच्याकडून काहीही करून घेता येत नाही. आपण वाचवतो ती ऊर्जेची राशी नव्हे, तिची कामाची लायकी. घोषणा तशीच राहू द्या, अर्थ एवढा समजून घ्या.

'पाणी पुन्हा वर चढवलं की फुकट वीज.'

अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प आहे खरा. मागणी कमी असताना ग्रिडची वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. अशा प्रकल्पात वर चढवायला 100 युनिट गेली तर परत 70 ते 80 मिळतात. म्हणजे तो वीज निर्माण करत नाही, उदंड वेळेची वीज नडीच्या वेळेला नेऊन देतो, आणि त्याबद्दल पाव हिस्सा ठेवून घेतो. सौदा तरीही फायद्याचा आहे, कारण दुपारी सौर पॅनेलांची वीज जास्त झाली तर ती ठेवायला दुसरी जागा फार कमी आहे.

मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ मात्र घाटघरच्या पुढे जातात. मोटार जनित्राला फिरवते, जनित्र मोटारीला वीज देतं, आणि वर दोन बल्बही पेटतात. कुणाची गाडी पाण्यावर चालते. पाणी हे जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 सालीच जाहीर केलं होतं की अविरत चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासले जाणार नाहीत. असलं यंत्र कोणी विकायला आणलं, तर त्याला सूत्रं विचारू नका. टेबलाखाली वाकून वायर कुठून येते ते बघा, आणि यंत्रात जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या दोन्ही बाजूंना मीटर लावून तासभर चालवायला सांगा. तोवर पैसे देऊ नका.