शोधशब्द
आंतरजालावरील शोधयंत्रात ग्राहक जे लिहितो, त्याच्याशी जुळवून जाहिरात दाखविण्यासाठी विक्रेत्याने निवडलेले शब्द. ‘गोटू डॉट कॉम’ या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये अशा शब्दांवर बोली लावण्याची पद्धत रूढ केली. सामान्यतः जाहिरातीवर क्लिक झाल्यासच आकार पडतो. रोजची तरतूद ३०० रु. व क्लिकचा दर १५ रु. धरल्यास २० क्लिकमध्ये ती संपते. मग खरा गिऱ्हाईक आला, तरी त्यास जाहिरात दिसत नाही. म्हणून येवल्याच्या लहान विणकराने ‘साडी’ या व्यापक शब्दाऐवजी ‘हातमागाची येवला पैठणी’ असा नेमका शब्दसमूह निवडणे इष्ट ठरते. तो शोधणारे थोडे, परंतु बहुधा खरेदीच्या विचारात असलेले असतात. ‘फुकट’, ‘नोकरी’ यांसारखे शब्द वर्ज्य ठरविल्यास निष्फळ खर्च टळतो.