फोटो हलका कसा करावा?

आपल्या यवतमाळची पोरेपोरी बँकेच्या नोकरीचा अर्ज भरतात. आयबीपीएसच्या त्या अर्जाला फोटो लागतो २० ते ५० केबीचा. मोबाइलचा फोटो भरतो ३-४ एमबी. १ एमबी म्हणजे सुमारे १००० केबी! एवढा जड फोटो अर्ज घेतच नाही. मग काय करावे?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली, की उरतात ३० लाख. निम्मे नव्हे, पाव! म्हणून आधी नको ती कड कापावी, मग आकार लहान करावा.

तरी जड राहिला, तर दर्जा थोडा उतरवावा. १९९२ साली ठरलेली जेपेग पद्धत डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळते. आपण ज्वारी पाखडतो ना, तसेच. पण फार पाखडले तर दाणेही उडतात, आणि उडालेले परत येत नाहीत. मूळ फोटो तसाच ठेवा, काम नकलेवर करा, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

चेहरा लहान फोटोतही ओळखू येतो. सातबाऱ्याचे तसे नाही. पाठवण्याआधी तो मोठा करून पाहावा. गट नंबर वाचता आला, तरच पाठवावा.